सात सोमवार: देवगडच्या एका घरात ‘द लास्ट ऑफ अस’

२१ एप्रिल २०२५, सोमवार, दुपारचे सव्वातीन. आमच्या माजघरात टीव्हीसमोर सहा माणसं बसली होती आणि पडद्यावर ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेचा नायक जोएल मरत होता. वहिनी तोंडावर हात ठेवून बघत होती. ही मालिका ज्या व्हिडिओ खेळावर बेतली आहे त्यातला हाच प्रसंग पुतण्याने मोबाइलवर लावला होता आणि तो एकदा टीव्हीकडे, एकदा मोबाइलकडे बघत फरक मोजत होता. काकी सोलं वाळत घालून नुकतीच आत आली होती, तिला जोएल कोण हेही धड माहीत नव्हतं. आणि माझा आतेभाऊ उठला, काही न बोलता आंब्याच्या खोलीत गेला आणि आढी उलगडून पिकलेले फळ वेगळे करत बसला. त्या खोलीत त्या वेळी त्याचं काहीच काम नव्हतं.

जोएल मरणार हे त्या घरात सर्वांत आधी त्यालाच ठाऊक होतं. जून २०२० पासून. मग उठून गेला तो तोच का?

या प्रश्नासाठी मी पुढचे सोमवार वहीत टिपून ठेवले. एका घरातली सहा माणसं म्हणजे काही जग नव्हे, पण जगभर या मालिकेवरून जी भांडणं झाली त्यातली बहुतेक माणसं मला या सहांत भेटली. (ज्यांनी दुसरा मोसम बघितलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. जोएलचं तर मी आधीच सांगून बसलोय.)

खेळ आणि मालिका

‘द लास्ट ऑफ अस’ हा नॉटी डॉग या कंपनीचा खेळ २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आला. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते आणि जग मोडून पडतं. जोएल हा मुलगी गमावलेला तस्कर, आणि एली ही त्या बुरशीला दाद न देणारी चौदा वर्षांची मुलगी. त्याने तिला बॉस्टनहून देशाच्या दुसऱ्या टोकाकडे न्यायचं, म्हणजे तिच्यापासून औषध तयार होईल. सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात पोचल्यावर कळतं की औषधासाठी तिचा मेंदू काढावा लागणार. जोएल इस्पितळातली माणसं मारतो, मुलीला उचलून नेतो आणि शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटं बोलतो. खेळ तिथेच संपतो.

एचबीओने याची मालिका केली. खेळाचा कर्ता नील ड्रकमन आणि सोबत क्रेग मेझिन. जानेवारी २०२३ मध्ये पहिला मोसम आला, नऊ भागांचा. पेड्रो पास्कल जोएल, बेला रॅमझी एली. दुसरा खेळ २०२० चा, त्याच्या पूर्वार्धावर बेतलेला दुसरा मोसम १३ एप्रिल ते २५ मे २०२५, सात भागांचा. आपल्याकडे तो जिओहॉटस्टारवर सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा.

देवगडात एप्रिल-मेमधली सकाळ मालिकेची नसते. ती आंब्याची असते. ऊन चढायच्या आत झेला घेऊन बागेत, मग फळ घरी आणून निवडायचं, पेट्या भरायच्या. त्यामुळे आमचा सोमवार जेवणानंतर उगवायचा. तोपर्यंत पुतण्याने सगळं कुठून तरी वाचून ठेवलेलं असायचं.

माणसं

आतेभाऊ अठ्ठावीस वर्षांचा, मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये. दर वर्षी आंब्याच्या दिवसांत लॅपटॉप घेऊन मामाच्या घरी येतो आणि अर्धा वेळ नोकरी, अर्धा वेळ बाग करतो. पहिला खेळ त्याने कॉलेजात असताना मित्राच्या घरी खेळला, दुसरा २०२० च्या लॉकडाउनमध्ये, खोलीत एकटा, चार दिवसांत.

पुतण्या बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता. आतेभाऊ नात्याने त्याचा काका, पण हाक ‘दादा’ अशीच. याने दोन्ही खेळ ‘केलेत’, पण यूट्यूबवर. कुणीतरी खेळतो आणि हा बघतो. हातात येतो तो मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ बीजीएमआय. यात त्याला कमीपणा वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही: प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, वर प्रत्येक खेळाचे हजारो वेगळे. आमच्या वाडीत त्या पैशात फवारणीचा पंप आधी येतो. मोठ्या खेळांशी आपल्याकडच्या पुष्कळ पोरांची ओळख अशीच झालेली असते, दुसऱ्याच्या हातून.

वहिनी, म्हणजे पुतण्याची आई, तिने फक्त मालिका बघितली होती, पहिला मोसम दोनदा. काका तरुणपणी दशावतारात पेटीवर बसायचे. ते बघायचे कमी आणि आवाजावर कान ठेवून असायचे. काकी येऊन-जाऊन. आणि मी, पहिला खेळ पुरा करून दुसरा मध्येच टाकलेला.

फरकांची यादी

सगळ्यात मोठा आवाज पुतण्याचा. दुसऱ्या सोमवारीच त्याची यादी दोन पानांवर गेली होती. खेळात मरतेवेळी जोएलसोबत त्याचा भाऊ टॉमी असतो, इथे एलीची मैत्रीण डीना. जोएल-एली राहतात त्या जॅक्सन गावावर खेळात बुरशी लागलेल्यांच्या लोंढ्याचा हल्ला होतच नाही. हवेतून पसरणारे बुरशीचे कण पहिल्या मोसमात काढून टाकले. आणि सर्वांत मोठा गुन्हा जोएलला मारणाऱ्या ॲबीचा. खेळातली ॲबी म्हणजे बोटीवर जाळं ओढणाऱ्या गड्यासारखे दंड असलेली बाई. मालिकेत ती झाली कॅटलिन डेव्हर. “दंड बघ तिचे! ही ॲबी नाय, ॲबीची धाकटी बहीण.”

त्याच्या यादीतली प्रत्येक गोष्ट खरी होती. मला खटकलं ते एवढंच की ज्याने खेळ हातात धरलेला नाही, तोच हुबेहूबपणाबद्दल सर्वांत कडक होता. मग लक्षात आलं, यात नवल काय? त्याच्यासाठी खेळ म्हणजे एक व्हिडिओ. मालिका म्हणजे त्याच व्हिडिओची दुसरी प्रत. दोन प्रती शेजारी ठेवल्या की माणूस फरकच बघणार. तपासणीसाचं कामच ते.

ॲबीच्या दंडांबद्दल ड्रकमनने मालिका यायच्या आधीच सांगून टाकलं होतं: खेळात ती एलीपेक्षा हाताला वेगळी लागायला हवी होती. एली चपळ, निसटणारी. ॲबी जोएलसारखी दणकट. बटण दाबणाऱ्याला तो फरक अंगात जाणवायला हवा म्हणून ते शरीर तसं घडवलं. मालिकेत बटणच नाही, तेव्हा त्या दंडांचं काम उरत नाही. मला हे स्पष्टीकरण पटतं. पुतण्याला पटलं नाही. त्याच्या हाताला ॲबी कधी लागलीच नव्हती, त्याने ती डोळ्यांनीच बघितली होती, आणि डोळ्यांना दंड हवे होते.

बेला रॅमझीचा चेहरा खेळातल्या एलीसारखा नाही म्हणून पहिल्या मोसमापासून जो गदारोळ झाला त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. त्यात विचार करण्यासारखं थोडं आणि किळस येण्यासारखं पुष्कळ आहे. एवढं नोंदवतो की २०२० मध्ये खेळातल्या ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, आणि डेव्हरला या मालिकेच्या चित्रीकरणात जादा सुरक्षा द्यावी लागल्याचं तिच्या सहअभिनेत्रीनेच सांगितलं. एका काल्पनिक बाईने एका काल्पनिक पुरुषाला गोल्फच्या काठीने मारलं म्हणून! शिवाय दुसरा खेळ पुरा करायला वीसएक तास लागतात आणि तो आल्याच्या पहिल्या काही तासांतच, खेळांना लोक जिथे गुण देतात त्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर लोकांच्या गुणांचा कडेलोट झालेला होता. पुढे त्या संकेतस्थळाने नव्या खेळाला गुण देण्याआधी ३६ तास थांबायची अट घातली.

काकांचं मत

चौथा भाग ५ मेचा. त्याच दिवशी दुपारी एकला बारावीचा निकाल होता, त्यामुळे तो सोमवार पेढ्यांत गेला आणि भाग रात्री बघितला. यादी लिहिणारा पास झाला होता, म्हणून त्या रात्री ॲबीच्या दंडांना माफी होती. पेढा चघळत काकांनी विचारलं, “गोष्ट म्हायत असताना ह्यो इतको चिडता कित्याक?”

मी म्हटलं, बदलली म्हणून.

काका हसले. “दशावतारात गोष्ट सगळ्यांका म्हायत असता. राजा कसो बोलता ता बघूक लोक येतत.”

हे खरंच आहे. अभिमन्यू चक्रव्यूहात मरणार हे जत्रेला आलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नटाच्या तोंडचे. गणपती, सरस्वती, संकासुर झाले की रात्रभर लोक बसतात ते या वेळचा अभिमन्यू आपल्या उत्तरेचा निरोप कसा घेतो ते ऐकायला. आणि तक्रारी तिथेही असतात! ट्रिकसीन आले, धूर आणि विजेच्या करामती आल्या, तेव्हा जुन्या पेटीवाल्यांनी काय काय ऐकवलं ते काकांनी पुढचा अर्धा तास सांगितलं. त्यांच्या दृष्टीने पुतण्या हा ट्रिकसीनवर नाक मुरडणारा जुना प्रेक्षक होता, एवढंच.

मला ही तुलना आवडली आणि दोन दिवस मी तिच्यावरच खूश होतो. मग ती अडली. पुतण्याला ती लागू पडत होती, पण उठून गेलेल्या आतेभावाला नाही. त्याला बदल खटकलेच नव्हते. खेळातला बिल हा एकटा, कुजकट माणूस. त्याचा साथीदार फ्रँक त्याला सोडून गेलेला आणि मेलेला. मालिकेने पहिल्या मोसमाच्या तिसऱ्या भागात ते सगळं उलटवून त्या दोघांचं अख्खं आयुष्य दाखवलं, आणि हा आतेभाऊ तो भाग बघून रडला होता. बिल झालेल्या निक ऑफरमनला त्यासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला तेव्हा याने घरच्या ग्रुपवर टाळ्या पाठवल्या होत्या, कुणाला कशासाठी ते कळलं नव्हतं. म्हणजे मूळ मोडल्याचं दुःख हे कारण नव्हे. त्यातून जोएलचं मरण तर मालिकेने बरंचसं मुळाबरहुकूमच दाखवलं होतं.

दशावतारात अभिमन्यूची तलवार प्रेक्षकाने कधी हातात धरलेली नसते. फरक असेल तर इथे असणार, असं मला वाटू लागलं.

फळी आणि शिडी

आतेभावाने आधी “डोकं दुखत होतं” एवढ्यावर भागवलं. दहाएक मेच्या सुमारास आम्ही दोघं रात्री पेट्या भरत होतो. गवताचा थर, फळ, गवताचा थर. हात चालू असले की माणूस बोलतो.

“त्या एलीला पोहता येत नाही,” तो म्हणाला. “खेळात जिथे पाणी येतं तिथे लाकडी फळी शोधायची, तिच्यापर्यंत ढकलत न्यायची, तिला वर बसवायची, पलीकडे न्यायची. शिडी शोधायची, लावायची. दर वेळी. तेव्हा वैताग यायचा.”

मालिकेत एवढ्या फळ्या ढकलत बसायला वेळ कुणाला? आणि गरजही नाही. बघणाऱ्याला त्यात काय रस! पण बॉस्टनपासून सॉल्ट लेकपर्यंत त्या फळ्या ढकलणारे हात याचे होते. इस्पितळात गोळ्या झाडल्या त्याही यानेच. “जोएलने काय केलं असं मी कधी म्हटलंच नाही. मी काय केलं, असंच डोक्यात होतं,” तो म्हणाला आणि पेटीवर झाकण ठेवून खिळे शोधायला लागला.

दुसऱ्या खेळाने त्याला दोन गोष्टी करायला लावल्या. आधी बर्फातल्या बंगल्यात जोएलचं मरण बघायला लावलं. आणि मग, सुरुवातीला जरासा वेळच हातात आलेली, जोएलला मारणारी ती बाईच निम्म्या वाटेवर पुरती हातात दिली. आता हिला चालव, हिचं ऐक, हिच्यासाठी लढ. ॲबीचा बाप म्हणजे त्या इस्पितळातला शस्त्रवैद्य, हे खेळणाऱ्याला तेव्हा कुठे कळतं. मालिकेने हे दुसऱ्या मोसमाच्या पहिल्या दोन भागांतच उघड केलं: अगदी सुरुवातीलाच ॲबी आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी उभी, सूड घ्यायची भाषा करते. पुतण्याच्या यादीत ही चूक क्रमांक एक. मला ती चूक वाटत नाही. खेळ तुम्हाला ॲबीच्या कातडीत जबरदस्तीने कोंडू शकतो, मालिका तसं करू शकत नाही. प्रेक्षक उठून आंब्याच्या खोलीत जाऊ शकतो. मग तिला तुमची दया आधीच मागून ठेवावी लागते. काकीवर ती लगेच चालली. जोएल मेला तेव्हा घरात सगळे सुन्न, आणि दारातून काकी म्हणाली, “बापाशीक मारल्यार चेडू गप रवात काय?”

‘हेलो’ या अंतराळयुद्धाच्या खेळांवरच्या मालिकेचं प्रकरण याच कुळातलं. २००१ पासून त्या खेळांत नायक मास्टर चीफचं शिरस्त्राण चढलेलं, आतला चेहरा कधी धड दिसलाच नाही. २०२२ च्या मालिकेने पहिल्याच भागात ते उतरवलं आणि खेळणारे खवळले. वरवर बघता हा नियमाचा वाद. पण रिकाम्या शिरस्त्राणात वीस वर्षं खेळणाराच बसलेला होता. तिथे अचानक पाब्लो श्रायबर हा नट निघाला, याला आपण तरी काय करणार? दोन मोसमांनंतर २०२४ मध्ये ती मालिका बंद झाली. तिच्या बंद होण्याला एवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही.

उलट ‘फॉलआउट’ या खेळांवर बेतलेल्या २०२४ च्या मालिकेने कुणाच्या हातातलं पात्र घेतलंच नाही. जग तेच, माणसं नवी. खेळणारे बऱ्यापैकी खूश राहिले. भांडले ते तारखेवरून. वर्गातल्या फळ्यावर शेडी सँड्स या गावाच्या पाडावापाशी २२७७ लिहिलेलं दिसलं, आणि २२८१ मध्ये घडणारा लाडका खेळ ‘न्यू व्हेगस’ पुसला गेला की काय अशी ओरड झाली. तो खेळ इतिहासातून काढलेला नाही, असा खुलासा करावा लागला. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीवरून तीन पिढ्या न बोलणाऱ्या आम्हा लोकांना यात हसण्यासारखं काही नाही.

वहिनी आणि डॉक्टर

१८ मेच्या रविवारी मी एक आगाऊपणा केला. आतेभावाने जुना प्लेस्टेशन ४ आणला होता, त्यात पहिला खेळ होता, शेवटच्या प्रकरणाची नोंद राखलेली. वहिनीला म्हटलं, इस्पितळाचा भाग खेळून बघ. मालिकेत तिने तो बघितलाच होता. तिथे त्या मारामारीवर उदास संगीत आहे, गोळ्यांचे आवाज मागे पडतात, जोएल झपाटल्यासारखा चालत जातो आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या डॉक्टरला सरळ गोळी घालतो. वहिनीचं मत पक्कं होतं: “मी असते तरी हेच केलं असतं.”

सुरुवातीची वीस मिनिटं भिंतीला धडकण्यात गेली. काकी “रिमोट उलटो धरलंस काय गे” म्हणून गेली. बंदूकवाल्यांचे मजले आतेभावाने पार करून दिले. मग ती खोली. टेबलावर एली बेशुद्ध, डॉक्टर हातात छोटी सुरी धरून मध्ये उभा. तो हल्ला करत नाही. तिथे खेळ नुसता थांबतो. तुम्ही त्याला मारेपर्यंत पुढे काहीच होत नाही. बाजूच्या दोन परिचारिकांना सोडलंत तरी चालतं, त्याला सोडता येत नाही.

वहिनी थांबली. कुठे बाजूने वाट आहे का बघितलं. “दुसरं काही दाबता येत नाही का?”

“नाही.”

पंख्याचा आवाज येत होता. पुतण्याने “आई, दाब ना,” म्हटलं. त्याने हा प्रसंग किती वेळा बघितला असेल कोण जाणे, पण बघताना दर वेळी दुसऱ्याने लगेच दाबलेलं असतं, त्यामुळे इतका वेळ उभा राहिलेला तो डॉक्टर त्यालाही नवा होता. शेवटी तिने कंट्रोलर आतेभावापुढे धरला. “भावोजी, तुम्ही करा.”

त्याने घेतला नाही. रागाने नव्हे. हात मांडीवरच ठेवले. दोघं जरा वेळ तसेच. मग वहिनीने स्वतःच दाबलं, आणि लगेच म्हणाली, “ह्याचीच मुलगी ना ती?”

आतेभावाने मान हलवली.

पुतण्याने त्या दिवसानंतर यादी पुढे लिहिली नाही असं लिहायला मला आवडलं असतं. लिहिली. दुसऱ्याच दिवशी सहाव्या भागात त्याला चार नव्या चुका सापडल्या.

शेवटचा सोमवार

त्याच आठवड्यात अवकाळी कोसळायला लागला. झाडावर राहिलेलं फळ गेलं. २५ मेला मान्सून देवगडला पोचला, नेहमीपेक्षा कितीतरी आधी, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग आला तेव्हा आमच्याकडे ना लाईट, ना मोबाइलला रेंज. दोन दिवसांनी रात्री वीज आली तेव्हा तो बघितला. तोवर उघड्यावर ठेवलेली सोलं आत घेण्यात, कौलं सारखी करण्यात सगळे दमलेले.

आतेभाऊ माजघराच्या दारात उभा राहून बघत होता, बसला नाही. एली मुक्कामाला असलेल्या जुन्या नाट्यगृहात ॲबी शिरते, एलीचा साथीदार जेसीला मारते, एलीवर बंदूक रोखते, गोळीचा आवाज आणि अंधार. मग गोष्ट तीन दिवस मागे जाते. ॲबी एका मैदानावरच्या वस्तीत झोपेतून उठते, बाहेर येऊन खाली बघते आणि मोसम संपतो. पुतण्या “झालं!” म्हणून ओरडला, आता पुढच्या मोसमापर्यंत थांबायचं म्हणून. वहिनीने दाराकडे बघितलं.

“भावोजी, इथून पुढे तिला तुम्ही चालवलंत?”

“हो. दहाएक तास.”

“मग?”

“मग काय. शेवटी शेवटी तिला लागलं की मलाच वाईट वाटायचं. त्याचाच राग यायचा.”

दुसऱ्या खेळाची डिस्क मुंबईत होती. वहिनीने ती मागितली तेव्हा तो थट्टा समजला. गणपतीला येताना आठवणीने घेऊन आला. आरत्या, भजनं, पाहुणे आणि उकडीच्या मोदकांतून तिला दोनेक तास मिळाले असतील. आता भिंतीला धडकत नाही. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर तो मुंबईला गेला, प्लेस्टेशन इथेच ठेवून. काल दुपारी मी गेलो तेव्हा ती खेळाच्या सुरुवातीच्या प्रसंगात ॲबीला बर्फातून पळवत होती, मागे तो सगळा लोंढा, कुंपण मोडत आलेलं, आणि तिला वाचवायला जोएल अजून यायचा होता.